स्क्रम की कानबान? पाच-सहा जणांच्या टीमने काय निवडावं

अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी किंवा निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या टीमपुढे काम आखायच्या या दोन पद्धतींपैकी कोणती घ्यायची, हा प्रश्न येतोच. आम्ही दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. निवडण्याआधी गेल्या महिन्यातली कामं मोजा: ठरवून घेतलेली किती, फोनवर आलेली किती?

ठरवून घेतलेली जास्त असतील, तर स्क्रम. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडप्रमाणे स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरलेला टप्पा, महिन्याहून मोठा नसतो. आम्ही दोन आठवड्यांचा धरतो. आधी उद्दिष्ट ठरतं, रोज पंधरा मिनिटं बोलणं होतं आणि शेवटी चालणारं सॉफ्टवेअर ग्राहकापुढे ठेवायचं. या शेवटच्या गोष्टीसाठी मी स्क्रमला फार मानतो. आमची क्रेट-नोंदणीची स्क्रीन बघून एका पॅकहाउसचे मॅनेजर म्हणाले, "अहो, एकाच शेतकऱ्याचे तीन प्लॉट आहेत. तुम्ही सगळा माल एकाच नावावर कसा घेता?" निर्यातीच्या द्राक्षाचा माग ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटपर्यंत लागतो. ही चूक सप्टेंबरात कळली म्हणून दोन दिवसांत सुधारली. जानेवारीत कळली असती, तर माल दारात आणि आम्ही डेटाबेस बदलत बसलो असतो.

पण हंगाम सुरू झाला की स्क्रम अडखळतं. वजनकाट्याचा आकडा स्क्रीनवर येत नाही, लेबल छापलं जात नाही. अशा फोनला "पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू" म्हणता येत नाही. तिथे कानबान. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली ही पद्धत: फळ्यावर 'करायचं', 'चालू', 'तपासणी', 'झालं' असे रकाने, आणि 'चालू'मध्ये तीनच कार्डं (एक कार्ड म्हणजे एक काम). एक पुढे सरकल्याशिवाय चौथं घ्यायचं नाही. ही मर्यादा पाळणार नसाल, तर तो नुसता फळा आहे. कानबानची उणी बाजू म्हणजे मोठं काम मागे पडत राहतं आणि ग्राहकाला दाखवायची तारीख आपणच लावून घ्यावी लागते.

सुरक्षा मात्र दोन्हींत आपोआप येत नाही. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे (Log4j) या जावा लायब्ररीतली, म्हणजे अनेक प्रोग्रॅममध्ये वापरल्या जाणाऱ्या तयार कोडमधली, सुरक्षा-त्रुटी बाहेर आली, तेव्हा दुरुस्तीआधी ती लायब्ररी कुठे कुठे वापरली आहे हे शोधण्यातच अनेकांचा वेळ गेला. लायब्ररींची यादी हाताशी हवीच. आमच्याकडे एकदा डेटाबेसचा पासवर्ड गिटमध्ये, म्हणजे कोडचा सगळा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, गेला. फाइलमधून ती ओळ काढली आणि सुटलो असं वाटलं. पण जुन्या कमिटमध्ये, म्हणजे गिटने आधी जपलेल्या नोंदीत, पासवर्ड तसाच होता. तो बदलणं हाच पहिला उपाय. तेव्हापासून दुसऱ्याने कोड वाचल्याशिवाय आणि त्यात पासवर्ड-की राहिली नाही ना हे तपासल्याशिवाय कार्ड 'झालं'मध्ये जात नाही. स्क्रममध्ये हे 'डेफिनिशन ऑफ डन'मध्ये (काम झालं असं कधी म्हणायचं, ती यादी) लिहा, कानबानमध्ये 'तपासणी'च्या रकान्यावर. बॅकअपचं वेगळं कार्ड ठेवा: महिन्यातून एकदा तो खरोखर रिस्टोअर करून बघायचा.

आम्ही पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत स्क्रम चालवतो, जानेवारी ते एप्रिल कानबान. तुम्ही दोघंच असाल, तर स्क्रमच्या भूमिका वाटत बसू नका. भिंतीवर फळा लावा आणि 'चालू'मध्ये दोनच कार्डं ठेवा.