वाकळ, ठिपके आणि कुकरच्या शिट्ट्या : एडीएचडीवाल्या घरातले नऊ महिने

आधीच सांगतो, हा कुठल्या एका वस्तूचा रिव्ह्यू नाही. गेल्या डिसेंबरपासून आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात एडीएचडीसाठी (लक्ष हवं तिथे न टिकण्याचा, चंचलपणाचा मेंदूशी संबंधित विकार) म्हणून जे जे आणलं, शिवलं, रेखाटलं आणि माळ्यावर टाकलं, त्या सगळ्याचा आहे. वापरणारी माणसं दोन. मी, वय ४१, घरात बसून लोकांची जीएसटी रिटर्न भरून देतो. आणि माझी मुलगी, वय १०.

निदान आधी तिचं झालं. धारवाडला डॉक्टर तिच्याबद्दल प्रश्न विचारत होत्या आणि मी तिच्या वतीनं उत्तरं देता देता स्वतःचीच देऊ लागलो. पुढच्या वेळी त्यांनी माझ्या आईला घेऊन यायला सांगितलं. मोठ्या माणसाचं निदान करताना बारा वर्षांच्या आधीपासून काही खुणा होत्या का ते बघावं लागतं. डॉक्टर ज्या अमेरिकन नियमावलीवरून (डीएसएम) निदान करतात, ती २०१३ साली बदलली, त्याआधी ही अट सात वर्षांची होती. मोठ्यांसाठी नऊपैकी पाच लक्षणं पुरतात, मुलांसाठी सहा. आईला हे आकडे सांगायची गरजच पडली नाही. ती म्हणाली, ‘दळण घेऊन गिरणीला जायचा आणि मोकळ्या हातानं परत यायचा. पीठ बी नाही, डबा बी नाही.’ डॉक्टर लिहीत राहिल्या.

औषधाबद्दल इथे लिहिणार नाही, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण एवढं नक्की की वाकळ शिवून एडीएचडी जात नाही. गोळीमुळे मला खुर्चीवर बसता येतं. बसून काय करायचं आणि मुख्य म्हणजे उठायचं कधी, तो प्रश्न उरतोच.

हातकामाची कल्पना दिवाळीच्या किल्ल्यातून आली. बेळगावात किल्ला केला नाही असं मराठी पोर सापडणं कठीण. त्या दिवाळीत आम्ही दोघांनी अंगणात येळ्ळूरचा राजहंसगड केला. बुरूज थापले, पोत्यावर चिखल लिंपला, अळीव पेरले. पाच तास दोघं जागचे हललो नाही, जेवायला बोलावलेलं ऐकू आलं नाही. बायको म्हणाली, ‘ह्या दोघांना म्हणे लक्ष लागत नाही!’ हा टोमणा मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितला. त्या म्हणाल्या, लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिकडे वळवता येत नाही. लांबच्या फळाची ओढ ह्या मेंदूला कमी वाटते, डोळ्यांसमोर लगेच काही घडलं की तो जागा होतो. चिखलाला हात लावला की बुरूज दिसतो. मार्चअखेरचा हिशेब फेब्रुवारीत दिसत नाही.

मग मी उत्साहानं खरेदीला लागलो. आमच्यासारख्यांना खरेदीतच निम्मं समाधान मिळतं, हे तेव्हा कळायला हवं होतं. ८९९ रुपयांचा रंगीत प्लॅनर मागवला. अकरा पानं भरली. बाराव्या दिवशी विसरलो, तेराव्या दिवशी कालचं कोरं पान बघून वाईट वाटलं, म्हणून चौदाव्या दिवशी उघडलाच नाही. आता तो इस्त्रीखाली असतो. खानापूरच्या कुंभाराकडून माती आणली. खानापूरची माती नावाजलेली, खादी ग्रामोद्योगाचं कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्रही तिथे आहे. मातीत खोट नव्हती, खोट आमच्यात होती. काम झाल्यावर ओलं फडकं घालून ठेवायचं असतं, ते दोघांपैकी कुणाच्या लक्षात राहणार? बादलीत दगड झाला.

आता टिकलेल्या गोष्टींकडे येतो. पहिली रांगोळी, आणि ती मी काढतो.

पद्धत अशी. रांगोळीचा डबा आणि गोळ्यांची पट्टी एकाच फळीवर. सकाळी गोळी घेतली की डबा उचलायचा, उंबऱ्याबाहेर ठिपके टाकायचे. सात ते एक, म्हणजे मध्ये सात ठिपके आणि दोन्ही बाजूंना उतरत एकापर्यंत. त्याहून मोठी नाही. शेजारच्या कन्नड अक्का हिला चुक्की रंगोली म्हणतात, चुक्की म्हणजे ठिपका. दहा मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात समोरच्या काकांनी गाडी थांबवून विचारलं, ‘काय वो, वहिनी गावाला गेल्यात काय?’ दुसऱ्या आठवड्यात, ‘आजून आल्या नाहीत?’ तिसऱ्या आठवड्यात बायकोच दारात उभी राहिली, तेव्हा विषय मिटला.

रांगोळी का टिकली ह्यावर मी बराच विचार केलाय. एक तर ठिपके जोडताना पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते समोर मांडलेलं असतं, ठरवावं लागत नाही. सकाळी मला सर्वांत जड जातं ते ठरवणं. पण मोठं कारण दुसरंच. संध्याकाळपर्यंत गाड्या जाऊन, पाणी पडून ती पुसलेली असते. एक दिवस चुकला, चार दिवस चुकले, तरी अंगण रोजच्यासारखंच. प्लॅनरमध्ये चुकलेला दिवस कोरा राहून माझ्याकडे बघत बसतो, अंगणात तो दिसतच नाही. नऊ महिन्यांत किती दिवस चुकले हे मला सांगता येणार नाही, कारण कुठे नोंदच नाही. गोळी मात्र पूर्वीपेक्षा क्वचित चुकते. हातात डबा आला आणि तोंडात अजून गोळी नाही, हे लगेच जाणवतं.

दुसरी गोष्ट वाकळ. गोधडी म्हणा, कन्नडमध्ये कौदी म्हणतात. आईच्या चार जुन्या सुती साड्या, मध्ये बाबांची धोतरं, वरून रंगीत चौकोन. मोठ्या नेढ्याची सुई, जाड दोरा, आईचं अंगुस्तान. दोरा आणि सुया मिळून शंभर रुपयांच्या आत काम. टाका एकच, धावदोरा. आईची पद्धत कडेपासून सुरू करून आत आत जायची. खानापूर आणि हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्या समाजाच्या, बायकाही आपली कवंदी अशीच कडेकडून मध्ये शिवत नेतात आणि कोपऱ्यांना त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना त्या फुलं म्हणतात. आम्हीही चार फुलं लावली, एक उलटं लागलंय.

वाकळीचा गुण असा की ती कुठेही सोडता येते. सुई खोचायची, घडी घालायची, उठायचं. तीन आठवड्यांनी परत धरली तरी मागचं काही आठवावं लागत नाही, शेवटची ओळ दिसतेच, तिच्या बाजूनं पुढे. नमुना नाही, मोजणं नाही, चुकणंही फारसं नाही. मी ती फोनवर वापरतो. गिऱ्हाइकाचा फोन आला की स्पीकर लावून मांडीवर वाकळ घेतो. पूर्वी समोरचा आकडे सांगत असताना मी मोबाइलवर भलतंच काहीतरी उघडून बसायचो आणि शेवटी ‘परत सांगता का?’ म्हणायचो. हाताला टाका असला की कान जागेवर राहतो. मुलगी पाढे म्हणताना शिवते. शाळेत अर्थातच सुई चालत नाही, म्हणून बाईंना विचारून खिशात गाठी मारलेली एक चिंधी दिली आहे, ती चाचपत बसते. बाई भल्या आहेत.

अजून एक फायदा झाला, तो ठरवून नव्हता. वाकळ मोठी, एकट्याला आवरत नाही. मग दुपारी आई दुसऱ्या टोकाला बसते. ती बसली की मीही बसतो, आणि ती उठेपर्यंत माझं रिटर्नचं कामही लॅपटॉपवर पुढे सरकतं. सोबत कुणी नुसतं बसलं तरी काम होतं, हे एडीएचडीवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. आई म्हणते, ‘मी काय करायलोय त्यात? नुस्ती बसलोय की.’ तेवढंच लागतं, आई.

कशिद्याबद्दल, म्हणजे कसुतीबद्दल, सावधपणे लिहितो. कारण ती मला सर्वांत आवडली आणि सर्वांत महाग पडली. त्याच शेजारच्या अक्कांनी शिकवली, जुन्या इरकली पदरावर. कापडावर आधी काही छापायचं नाही, गाठ मारायची नाही, धागे मोजून टाका घालायचा. गवंती नावाच्या टाक्यात जाताना एकआड एक जागा सोडत जायचं आणि येताना त्याच रिकाम्या जागा भरत यायचं. नीट जमलं तर कापड दोन्ही बाजूंनी सारखं. एक धागा चुकला तर ते जातानाच कळत नाही, परत येताना कळतं. अक्का म्हणायच्या, ‘एणसु, एणसु,’ म्हणजे मोज. आणि ‘सावकाश’, जो शब्द दोन्ही भाषांत एकच आहे आणि मला दोन्ही भाषांत जमत नाही.

मोजण्यानं डोक्यातली बडबड थांबते, हे खरं. आठ-दहा आकडे चालू असताना दुसरं काही शिरायला जागाच नसते. पण थांबायचं कुठे? वाकळीत हात दुखतो, डोळे मिटतात, माणूस उठतो. कसुतीत ‘हे गोपूर पुरं करतो आणि झोपतो’ म्हणत मी रात्री दीड वाजवला, तोही महिन्याच्या १९ तारखेला. २० तारखेची एक ३बी, म्हणजे जीएसटीची महिन्याची रिटर्न, राहिली आणि एक दिवसाचा ५० रुपये दंड मी माझ्या खिशातून भरला. आता कसुतीला अट आहे. फक्त रविवारी, जेवणाच्या आधी, आणि साडेबाराला मुलगी येऊन सुई काढून घेते. हे काम ती कधीच विसरत नाही. ज्यांना एकदा शिरलं की बाहेर पडता येत नाही, त्यांनी अशी सुई काढून घेणारं माणूस आधी ठरवावं, मग धागा आणावा.

घड्याळांचं थोडक्यात. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी ही पद्धत एका इटालियन माणसानं टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून काढली, म्हणून तिला पोमोडोरो म्हणतात. मला पंचवीस मिनिटं फार होतात आणि मुलीला घड्याळ बघण्यातच रस. १८० रुपयांचं वाळूचं घड्याळ आणलं, ते ती दर मिनिटाला उलटं करायची. शेवटी कुकर उपयोगी पडला. वरण लावलं की तीन शिट्ट्या होईपर्यंत मी भांडी घासायची, तिनं दप्तर भरायचं. शिट्टी कधी येईल ते नक्की माहीत नसतं, म्हणून पैज लागते, आणि पैज लागली की आमच्या घरात काम होतं. एकदा दोघंही पैजेच्या भांडणात चौथी, पाचवी शिट्टी मोजत राहिलो. वरणाची पेज झाली.

आवाजाचंही तसंच. मी लहान असताना आमच्या घरात दोन माग होते आणि मी त्यांच्या खडखडाटात अभ्यास करायचो. वीज गेली की माग थांबायचे आणि माझं पुस्तकही मिटायचं. घरच्यांना वाटायचं अंधाराचा बहाणा करतो. बाबांनी माग विकून वीस वर्षं झाली. मध्ये एकदा खासबागेत ओळखीच्या अण्णांच्या मागाचा आवाज मोबाइलवर चाळीस मिनिटं भरून घेतला. ‘हे कशाला रे?’ म्हणून ते हसले. इंटरनेटवर पावसाचे, पंख्याचे असे कितीतरी आवाज मिळतात, ते ऐकून बघितले. धोट्याच्या ठेक्याला कुणाची सर नाही. शनिवारी हाच आवाज लावून मी टोपलीतले कागद काढतो. हेस्कॉमचं विजेचं बिल, पाण्याचं बिल, शाळेची फी. सगळं भरून झालं तर लगेच खाली जाऊन पाव किलो कुंदा, आमच्या बेळगावची मिठाई. नंतर नाही, त्याच तासात, नाहीतर गंमत जाते. वीजबिलाला उशीर झालेला नाही, वजन मात्र दोन किलोंनी वाढलंय.

जुलैमध्ये सगळं कोसळलं. आषाढात वडगावची मंगाई यात्रा असते, घरात पाहुणे, मटणाचे हंडे, झोपायला जागा नाही. दोन आठवडे रांगोळी बायकांनी काढली, वाकळ पाहुण्यांनी अंगावर घेतली (सुईसकट, सुदैवानं कुणाला लागली नाही), कागदांची टोपली कुणीतरी उचलून माळ्यावर ठेवली. पाहुणे गेल्यावर वाकळ आणि रांगोळी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. कागदांना महिना लागला, कारण टोपली डोळ्यांसमोर नव्हती आणि डोळ्यांसमोर नसलेली वस्तू माझ्यासाठी जगात नसते. आता ती टीव्हीच्या पुढ्यात आहे, दिसायला वाईट दिसते.

कुणी विचारलं तर मी काय सांगेन? नवीन काही विकत घेऊ नका, निदान पहिला महिना. घरात जे अर्धवट पडलंय ते बघा, आणि जे सोडून परत धरताना लाज वाटत नाही ते ठेवा. घरात लहान मूल असेल तर सुया मोजून ठेवा. एकटे राहत असाल तर कसुतीच्या वाटेला जाऊ नका. आणि गुण द्यायचेच झाले तर रांगोळीला दहापैकी नऊ, वाकळीला नऊ, कुकरला सात, कसुतीला रविवारी दहा आणि इतर दिवशी शून्य.

वाकळ अजून मध्ये हातभर शिवायची राहिली आहे. दिवाळीच्या आत होईल असं मी अजून घरात कुणालाही म्हटलेलं नाही.