आरपीएल काही महिने वापरल्यावर: प्रोटोकॉल चांगला, पण हा डीआयएस मेसेज बॅटऱ्या खातो

आरपीएल म्हणजे सेलवरच्या वायरलेस सेन्सरांचा (नोडचा) डेटा एकमेकांमार्फत पुढे पोचवणारा राउटिंग प्रोटोकॉल. माझ्या नेटवर्कात परत एका कोपऱ्यातले नोड एकापाठोपाठ गेले, म्हणून लिहितोय. स्पेक्स सगळ्यांना माहितीयेत, ते सोडा. माझा निकष एकच, सेल किती वेळा बदलावे लागतात, कारण ते मलाच बदलायला लागतात आणि पैसेही माझेच जातात.

आधी बाकीचे प्रोटोकॉल बघितले. लीचचे 2000 सालच्या पेपरातले ग्राफ झकास आहेत, पण त्यात कुठलाही नोड थेट बेस स्टेशनपर्यंत (जिथे सगळा डेटा जमा होतो) पोचतो असं धरलंय, मधे भिंती आल्या की खेळ खल्लास. एओडीव्हीत लिंक तुटली की मार्ग शोधायला रिक्वेस्टचा पूर, माझा सगळा डेटा एकाच सिंककडे, म्हणजे बेस स्टेशनकडेच, जाणार, मग एवढा आरडाओरडा कशाला? सीटीपी मात्र खरंच गुणी, ईटीएक्स (पॅकेट पोचायला सरासरी किती वेळा पाठवावं लागतं तो आकडा) बघून सिंककडे जाणाऱ्या मार्गांचं झाड बांधतो आणि गप काम करतो, फक्त सिंककडून खाली नोडला कमांड पाठवायची तर वेगळी सोय लावा.

म्हणून आरपीएल. सुरुवातीला जाम खूश होतो, ट्रिकल टायमरमुळे नेटवर्क शांत असलं की डीआयओमधलं (मार्गाची माहिती शेजाऱ्यांना सांगणाऱ्या मेसेजांमधलं) अंतर दुप्पट दुप्पट होत जातं, कॉन्टिकी या नोडवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डीफॉल्टला 4 सेकंदांवरून थेट 17 मिनिटांवर. मग हे सेल संपतायत कशाने? स्निफर (हवेतले मेसेज ऐकणारं यंत्र) लावला तर त्या कोपऱ्यात डीआयओची नुसती रांग. मधला एक नोड सेल उतरल्यामुळे ट्रान्समिट करताना व्होल्टेज पडून रीबूट होत होता, उठला की मल्टिकास्ट डीआयएस (सगळ्या शेजाऱ्यांकडे डीआयओ मागणारा मेसेज) टाकायचा, आणि आरएफसी 6550 या आरपीएलच्या मानकाप्रमाणे तो ऐकणाऱ्या प्रत्येकाने ट्रिकल रीसेट करायचा, म्हणजे डीआयओ परत भराभर सुरू. म्हणजे आजारी एक आणि सलाईन सगळ्या वॉर्डाला! त्यात रेडिओ ड्यूटी सायकलिंग (वीज वाचवायला रेडिओ बहुतेक वेळ बंद ठेवणं) असलं की झोपलेल्या शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून एकेक ब्रॉडकास्ट पूर्ण वेक-अप इंटरव्हलभर परत परत पाठवावा लागतो. वीज जाते ती इथे.

तो नोड काढला आणि कोपरा गप्प झाला, त्यामुळे आरपीएलवरचा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा राहणार, कारण एकट्या नोडला एवढा अधिकार द्यायचाच कशाला? आता बूट झाल्यावर आधी व्होल्टेज बघायचं, कमी असेल तर डीआयएस न टाकता झोपायचं, असा पॅच टाकलाय. पेरेंट (ज्याच्यामार्फत डेटा पुढे जातो तो शेजारी) निवडायचा नियम ओएफ झीरो होता, तो बदलून एमआरएचओएफ केला, त्यातल्या हिस्टेरेसिसमुळे (थोड्याशा फरकाने पेरेंट न बदलण्यामुळे) सतत पेरेंट बदलत उड्या मारायची सवय कमी झाली.

सिंकजवळचे नोड तरीही आधीच मरतात, सगळ्यांचा माल त्यांच्याच डोक्यावरून जातो, हे सीटीपीतही तसंच होतं. तिथे मोठे सेल लावलेत. साडेतीन स्टार.