तपासणीआधीच ठरलेली दुसरी शस्त्रक्रिया

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी ज्यांना नव्याने त्रास सुरू झाला आहे आणि जे दुरुस्तीच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे रिव्हिजनचा, विचार करत आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. अशा रुग्णांना हेरून, त्यांच्या त्रासाचे कारण न शोधताच रिव्हिजनचे ‘पॅकेज’ विकणाऱ्या एजन्सी आहेत आणि त्यांपैकी पुण्यातील एका एजन्सीने माझी फसवणूक केली. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे मी येथे कोणाचेही नाव घेत नाही. शिवाय नाव बदलून तोच उद्योग पुन्हा थाटता येतो, म्हणून वाचणाऱ्याला त्यांची पद्धत कळणे मला अधिक गरजेचे वाटते.

२०१८ मध्ये माझी वजन कमी करण्याची ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया झाली तेव्हा वजन ११२ किलो आणि उंची १५८ सेंटीमीटर होती. जोडीला मधुमेह होता आणि झोपेत श्वास अडकत असे. त्या शस्त्रक्रियेबद्दल माझी काही तक्रार नाही. वजन ७४ किलोपर्यंत उतरले, मधुमेहाच्या गोळ्या जवळजवळ बंद झाल्या आणि गुडघे मोकळे झाले. त्रास सुरू झाला तो चौथ्या वर्षानंतर. आधी जेवणानंतर घशाशी आंबट येऊ लागले, मग रात्री आडवे झाले की करपट पाणी घशात येऊन खोकल्याची उबळ येऊ लागली, आणि पुढे पुढे भाकरीचा तुकडा छातीखाली अडकून उलटी झाल्याशिवाय चैन पडेना. विचित्र वाटेल, पण याच काळात वजन पुन्हा वाढून ८६ किलोवर गेले. त्याचे कारण मला फार उशिरा एका डॉक्टरांनी समजावून सांगितले. अन्नाची वाट अरुंद झाली की भाकरी, उसळ, कोशिंबीर असे चावून खाण्याचे पदार्थ उतरत नाहीत. चहात बुडवलेले बिस्कीट, खीर, आइस्क्रीम मात्र विनासायास उतरते, आणि माणूस नकळत त्याच पदार्थांवर जगू लागतो. घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना मात्र एवढेच दिसते, की ‘ऑपरेशन करूनही हिने खाणे आवरले नाही.’ या बोलण्याने मन किती खचते, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आणि ही एजन्सी नेमके याच दुखऱ्या जागी बोट ठेवते.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. या नळीत दाब जास्त राहतो आणि अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप काही जणांत दुबळी होते, त्यामुळे आम्ल वर चढण्याचा त्रास हा या शस्त्रक्रियेनंतरचा सर्वांत परिचित त्रासांपैकी एक आहे. कधी जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात. कधी नळी जिथे वळते तिथे ती आकुंचन पावते किंवा पिळली जाते, आणि तिथे अन्न अडते. कधी याच्या उलट नळी सैल होऊन मोठी होते आणि भूक वाढते. वरवर पाहता ‘उलट्या होतात, जळजळते, वजन वाढले’ एवढीच तक्रार असते, परंतु कारणे निराळी आणि त्यांवरचे उपाय तर काही वेळा एकमेकांच्या अगदी विरुद्ध असतात. म्हणूनच एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी, आणि बेरियम पिऊन काढलेले एक्स-रे पाहिल्याशिवाय, पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद वाचल्याशिवाय, रिव्हिजन करावी की नाही आणि करायची तर कोणती, हे कोणालाही सांगता येत नाही.

मला ते फोनवर सांगण्यात आले. एका जाहिरातीखालचा अर्ज भरल्यावर एजन्सीतून एका बाईंचा फोन आला. त्यांनी स्वतःची ओळख आहारतज्ज्ञ म्हणून करून दिली. वजन किती, विमा कोणत्या कंपनीचा आणि किती रकमेचा, नोकरी सरकारी की खासगी, एवढे त्यांनी बारकाईने विचारले; उलटी जेवताना होते की जेवणानंतर, पाणी उतरते का, पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद आहेत का, यातले काहीही विचारले नाही. नंतर अतिशय मायेच्या स्वरात त्या म्हणाल्या, “ताई, यात तुमचा काहीच दोष नाही. तुमची पहिली सर्जरी नीट झालेली नाही, जठराची पिशवी ढिली पडली आहे, ती पुन्हा टाइट करून घेतली की जळजळही थांबेल आणि वजनही उतरेल.” वर्षानुवर्षे दोष ऐकून घेतलेल्या माणसाला ‘तुमचा दोष नाही’ हे वाक्य किती मोलाचे वाटते, ते त्यांना पक्के ठाऊक होते. वाक्य खरेच होते. पण त्याला जोडून दिलेले निदान निव्वळ बनावट होते.

‘पुन्हा टाइट करणे’ म्हणजे स्लीव्हवर पुन्हा स्लीव्ह करणे. ज्याला आम्ल वर येण्याचा त्रास आहे, त्याच्यासाठी हा उपाय सर्वसाधारणपणे टाळतात, कारण नळी आणखी अरुंद केली की आतला दाब वाढतो आणि जळजळ बळावण्याची भीती असते. अशा रुग्णात शस्त्रक्रियाच करायची ठरली, तर बहुधा बायपासचा, म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा, विचार होतो. हे साधे ज्ञान ज्या व्यवसायात प्रत्येकाला असायला हवे, तिथे मला हमखास बरे करणारा उपाय म्हणून जे विकले गेले, त्याने माझा आजार वाढला असता. मला पैशांपेक्षाही याचा संताप अधिक आहे.

पैशांचा व्यवहार असा झाला. ‘सर्जनची तारीख अडकवून ठेवण्यासाठी’ २५ हजार रुपये यूपीआयने मागितले गेले, आणि ते ज्या खात्यात गेले ते कंपनीचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. त्यानंतर ‘नोंदणीसाठी’ आधार आणि पॅनच्या प्रती घेतल्या गेल्या, मोबाइलवर आलेले ओटीपी विचारले गेले, आणि ‘हे फक्त पडताळणीसाठी आहे, विम्याचे पैसे आले की हप्ते सुरूच होणार नाहीत’ असे सांगण्यात आले. रात्री उशिरा मोबाइलवर संदेश आला, की माझ्या नावावर २ लाख ४० हजारांचे कर्ज मंजूर होऊन रक्कम परस्पर एजन्सीकडे वर्ग झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा डिजिटल कर्जाआधी व्याज आणि सर्व आकार एकत्र दाखवणारे एक विवरणपत्र कर्जदाराला द्यावे लागते, आणि ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येते. ते विवरणपत्र ईमेलच्या जोडपत्रांत सर्वांत शेवटी, इंग्रजीत होते. बाहेर पडण्याची मुदत आहे हे तर कोणी उच्चारलेच नाही. शिवाय मुद्दल एजन्सीच्या ताब्यात गेल्यावर ते परत करायला माझ्या हातात उरणार काय होते?

विम्याच्या कागदांतली लबाडी तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात स्थूलतेवरच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी ठरलेल्या अटी आहेत: वय किमान १८ वर्षे, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, ४० किंवा त्याहून अधिक, किंवा ३५ अथवा त्याहून अधिक बीएमआय असून सोबत हृदयविकार, झोपेतील श्वासरोधाचा तीव्र त्रास किंवा नियंत्रणात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार असणे आणि सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असणे. ८६ किलो वजन आणि १५८ सेंटीमीटर उंची म्हणजे माझा बीएमआय ३४.४ होता, मी या अटींत बसत नव्हते. एजन्सीने भरून पाठवलेल्या अर्जात माझे वजन बरोबर होते, परंतु उंची १४६ सेंटीमीटर लिहिली होती. या एका खोट्या आकड्याने बीएमआय ४०.३ होतो. मी विचारले तेव्हा ‘टायपिंगची चूक आहे, पण राहू द्या, तुमच्याच फायद्याची आहे’ असे उत्तर मिळाले. त्या अर्जाखाली सही माझी असणार होती, आणि चुकीच्या माहितीमुळे दावा फेटाळला गेला असता, पॉलिसी धोक्यात आली असती, तरी एजन्सीचे काहीच बिघडणार नव्हते. मी सही केली नाही.

याच सुमारास माझ्या पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि चालताना तोल जाऊ लागला. एजन्सीतल्या बाईंना सांगितले तर त्यांनी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून प्रोटीन पावडरचे डबे घरी पाठवले आणि त्याचेही वेगळे पैसे लावले. येथे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते, की या शस्त्रक्रियेनंतर वारंवार उलट्या होत असतील तर ती वाट पाहण्याची गोष्ट नाही. शरीरातला थायामिनचा, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा, साठा दोन-तीन आठवड्यांतच संपू शकतो, आणि त्याच्या तीव्र अभावाने मेंदू व नसांना कायमची इजा होऊ शकते. दृष्टी दुहेरी होणे, गोंधळल्यासारखे वाटणे, तोल जाणे, पाय बधिर होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि ‘माझी बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची, शस्त्रक्रिया झालेली आहे’ हे तिथे सर्वांत आधी सांगावे, कारण अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाइन लावण्यापूर्वी थायामिन द्यावे लागते. ब१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या व गोळ्या तर आयुष्यभराच्या आहेत. वजन स्थिरावले म्हणून त्या सुटत नाहीत.

माझी भाची मिरजेत परिचारिका आहे. माझे चालणे पाहून तिने मला थेट तिथल्या पोटविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पहिल्याच भेटीत थायामिन आणि ब१२ ची इंजेक्शने सुरू केली, मग एंडोस्कोपी आणि बेरियमची तपासणी केली. पडद्यावर बेरियमची पांढरी धार वरून सरळ उतरत होती, नळीच्या वळणापाशी येऊन थबकत होती, वर साचत होती आणि नंतर अगदी बारीक होऊन पुढे झिरपत होती. पिशवी ढिली पडलेली नव्हतीच. ती वळणावर आकुंचन पावली होती आणि अन्ननलिकेच्या तळाशी आम्लाने व्रण पडले होते. जिथे वाट आधीच अरुंद झाली होती, तिथेच ती आणखी अरुंद करण्यासाठी माझ्याकडून अडीच लाखांहून अधिक रुपये घेतले गेले होते.

शस्त्रक्रिया रद्द करा असे एजन्सीला लेखी कळवल्यावर ताईची ‘मॅडम’ झाले आणि ‘रक्कम परत मिळणार नाही’ असे सांगण्यात आले. ज्या रुग्णालयाचे नाव मला दिले होते तिथे चौकशी केली, तर माझ्या नावाची कोणतीही नोंद नव्हती. व्हिडिओ कॉलवर जे ‘सर्जन’ मला दाखवले होते, त्यांचा नोंदणी क्रमांक मागूनही दिला गेला नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदवही कोणालाही ऑनलाइन पाहता येते, आणि मला सांगितलेले नाव त्यात सापडले नाही. एजन्सीने सहीसाठी पाठवलेल्या संमतीपत्रात शस्त्रक्रियेच्या नावाची जागा कोरी होती. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे, की संमती पुरेशी माहिती देऊन घेतलेली असली पाहिजे आणि एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्या उपचारासाठी चालत नाही. कोऱ्या जागेखाली मागितलेली सही म्हणजे रुग्णाचा हा हक्कच काढून घेणे आहे, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांच्यावर हीच वेळ आली आहे त्यांना उपयोगी पडेल म्हणून मी उचललेली पावले सांगते. फसवणूक लक्षात येताच आर्थिक फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर आणि पोलिसांत तक्रार केली. कर्ज देणाऱ्या कंपनीला सेवा मिळालीच नसल्याचे ईमेलने कळवून कर्ज रद्द करण्याची मागणी केली. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. विमा कंपनीला माझी खरी उंची लेखी कळवली, जेणेकरून तो अर्ज पुढे कोणी वापरू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे एजन्सी पुण्याची असली तरी मी सांगलीत दाद मागू शकले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. पहिल्या रुग्णालयाकडून शस्त्रक्रियेची नोंदही मागवून घेतली. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असा डॉक्टरांसाठी नियम आहे, पण त्यांनी ते जपून ठेवण्याची सक्ती तीन वर्षांपुरतीच असते, म्हणून ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे त्यांनी आपली प्रत आजच घरी आणून ठेवावी. माझ्या बाबतीत ती मिळाली, हे माझे नशीब.

आकुंचन पावलेली जागा एंडोस्कोपीतून फुग्याने रुंद करण्याचे उपचार मिरजेत सुरू आहेत. भाकरी आता दुधात कुस्करून का होईना उतरते, पायांच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या आहेत. एवढ्याने भागले नाही तर बायपासमध्ये रूपांतर करावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आणि दुसऱ्या वेळी आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे गळती व रक्तस्रावाचा धोका पहिल्यापेक्षा अधिक असतो, हेही त्यांनी मी न विचारता सांगितले. खर्चाचा विषय त्यांनी सर्व अहवाल हाती आल्यावरच काढला. पोषणाची पातळी भरून आल्यावर आणि दुसऱ्या एका बॅरिॲट्रिक शल्यविशारदांचे मत घेतल्यावर निर्णय करायचा, असे आमचे ठरले आहे. आयोगाने एजन्सीला नोटीस काढली आहे. कर्जाचा वाद अजून मिटलेला नाही.