वुडस्टॉक, स्टो की नॉर्थ कॉनवे? आजी-आजोबा आणि मुलांसह फॉल कलर्स बघायला जाताना

भारतातून आई-बाबा आलेले असतात, ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेची सुट्टी असते आणि या वेळी फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधी झाडांवर चढणारे रंग, बघायला अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडला जायचंच, यावर घरात एकमत असतं. मुक्काम कुठे करायचा, इथे गाडी अडते. बहुतेक घरांतली चर्चा फिरून फिरून तीन गावांवर येते: व्हरमाँटमधलं वुडस्टॉक, व्हरमाँटमध्येच पण बरंच उत्तरेला असलेलं स्टो आणि न्यू हॅम्पशायरमधलं नॉर्थ कॉनवे.

माझं मत आधीच सांगते. रंग कुठे जास्त चांगले, यावरून गाव ठरवू नका. तारीख जमली तर तिन्हीकडे डोळे निवतात. गाव ठरवावं ते घरातल्या सगळ्यात कमी चालणाऱ्या माणसाकडे बघून. तरुण मंडळी कुठेही रमतात. गुडघे धरलेल्या आजीला आणि कार सीटमध्ये बांधलेल्या तीन वर्षांच्या नातवाला मात्र गाव चुकलं की त्याची किंमत मोजावी लागते.

आधी तारीख

रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो आणि डोंगरमाथ्यावरून दरीत उतरतो. दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य ओसरतं आणि त्याखाली उन्हाळाभर दडलेला पिवळा-केशरी रंग वर येतो. लाल रंगाचं तसं नाही, तो पानात त्याच वेळी नव्याने तयार होतो. त्यासाठी स्वच्छ ऊन आणि थंड, पण पाणी गोठणार नाही इतपतच थंड रात्री लागतात. म्हणून ढगाळ, उबदार वर्षी पिवळा भरपूर दिसतो पण लाल फिका पडतो. शुगर मेपलचं एखादं पान हातात घेऊन बघा: शिरांच्या कडेने अजून हिरवा, मध्ये पिवळा आणि कडांना शेंदरी. झाड एकाच रात्रीत रंग बदलत नाही, हे मुलांना त्या एका पानावरून समजावता येतं.

स्टोच्या वरच्या डोंगरांवर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आणि खाली गावात ऑक्टोबरचा पहिला आठवडा, असा साधारण हिशेब धरा. नॉर्थ कॉनवे आणि आजूबाजूच्या व्हाइट माउंटन्ससाठी ऑक्टोबरचे पहिले दहा-बारा दिवस. वुडस्टॉक दक्षिणेला आणि कमी उंचीवर असल्याने तिथे पाच ते पंधरा ऑक्टोबर. लाँग वीकेंडलाच जाणं भाग असेल, तर निव्वळ रंगांच्या हिशेबाने वुडस्टॉक सगळ्यात बिनधोक आहे आणि स्टोला उशीर झालेला असू शकतो. तारीख थोडी चुकली तरी घाबरायचं कारण नाही. लवकर पोहोचलात तर उंचावर चढा, उशीर झाला असेल तर खाली दरीत, नदीकाठी उतरा. काही शे फुटांच्या फरकानेही चित्र पालटतं.

जमत असेल तर शाळेची एक-दोन दिवसांची रजा काढून मधल्या वारी जा. लाँग वीकेंडला बऱ्याच ठिकाणी किमान दोन-तीन रात्रींचं बुकिंग लागतं, भाडं चढतं आणि रस्ते तुंबतात.

गाव म्हणून गाव

इथे वुडस्टॉक सरळ जिंकतं. मधोमध लांबट हिरवळ, भोवती जुनी घरं, दोन मिनिटांवर नदी आणि तिच्यावर छप्पर असलेला लाकडी पूल. गावातल्या विजेच्या तारा लॉरेन्स रॉकफेलर यांच्या खर्चाने जमिनीखाली घातल्या गेल्या, त्यामुळे मान वर केली की फक्त झाडं आणि आभाळ दिसतं. शिवाय व्हरमाँटमध्ये १९६८पासून रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांवर बंदी आहे. गावातच खोली मिळाली, तर आजोबा सकाळी एकटे फिरायला निघू शकतात, बाकावर बसू शकतात, कॉफी घेऊन परत येऊ शकतात. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. इथे आलेल्या आई-बाबांना एरवी साध्या दुधाच्या कॅनसाठीही आपली वाट बघावी लागते. चार दिवस तरी त्यांना पायी फिरता येईल असं गाव मिळावं.

स्टोचं मुख्य गाव देखणं आहे, पांढऱ्या मनोऱ्याच्या चर्चचा तो प्रसिद्ध फोटो इथलाच. पण ते लहान आहे, आणि बरीचशी हॉटेलं स्की रिसॉर्टकडे जाणाऱ्या माउंटन रोडवर मैलोन् मैल पसरली आहेत. जेवायलासुद्धा गाडी काढावी लागते.

नॉर्थ कॉनवेला गावापुरता विचार केला तर शेवटचा नंबर. जुनं रेल्वे स्टेशन आणि त्यापुढचं मैदान छान आहे, पण दक्षिणेकडे लगेच आउटलेट दुकानांची आणि पार्किंगची लांबलचक रांग लागते. नुसत्या गावाच्या ओढीने तिथे जाणारा हिरमुसतो. नॉर्थ कॉनवेची खरी श्रीमंती गावाबाहेर आहे.

गाडीत बसून काय दिसतं

इथे क्रम नेमका उलटा होतो. नॉर्थ कॉनवेजवळून सुरू होणारा कँकामॅगस हायवे कॉनवे ते लिंकन असा ३४.५ मैलांचा आहे. वाटेत एकही पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, आणि बराच वेळ फोनला रेंज नसते. टाकी भरून, खाणं-पाणी बरोबर घेऊन आणि नकाशा आधीच डाउनलोड करून निघा. कॉनवेच्या बाजूने सकाळी आठच्या आत निघालात तर ऊन पाठीशी राहतं आणि समोरचे डोंगर उजळलेले दिसतात. दुपारनंतर त्याच रस्त्याने परतलात तर तेव्हाही ऊन पाठीशीच. साडेदहानंतर मात्र थांब्यांवर पार्किंगसाठी घिरट्या घालाव्या लागतात. रॉकी गॉर्ज ही नदीची खडकाळ घळ पार्किंगपासून अगदी जवळ आहे, ज्येष्ठांना सहज जमतं. सॅबडे फॉल्सला थोडी चढण आहे, पण वाट चांगली बांधलेली आहे. यातल्या काही ठिकाणी दिवसाचा ५ डॉलरचा पास लागतो.

कॅथीड्रल लेज या कड्याच्या माथ्यापर्यंत थेट गाडी जाते आणि खाली सगळी दरी पसरलेली दिसते. चालू न शकणाऱ्या माणसासाठी मी पाहिलेलं हे सर्वांत मोठं दृश्य आहे, आणि वर पोहोचायला काही मिनिटंच लागतात. ६,२८८ फुटांच्या माउंट वॉशिंग्टनवर जाणारा ऑटो रोड १८६१पासूनचा आहे. कडेला कठडे नाहीत, त्यामुळे चालवणाऱ्याचं डोकं शांत हवं. नाहीतर ऑटो रोडवाल्यांच्याच व्हॅनमधून जा, किंवा पलीकडच्या बाजूने १८६९पासून चालणाऱ्या कॉग रेल्वेने, म्हणजे दातेरी रुळाला धरून चढणाऱ्या गाडीने. माथ्यावर ऑक्टोबरात बर्फही पडतो, तेव्हा जाड जॅकेट आणि त्या दिवसाचा हवामानाचा अंदाज, दोन्ही हवेत.

स्टोजवळ स्मगलर्स नॉच या खिंडीतला रस्ता आहे. घरांएवढ्या शिळांमधून वळणं घेत तो इतका अरुंद होतो की मोठ्या ट्रकना तिथे बंदी आहे. छोटा, पण थरारक. ज्यांना घाटात मळमळतं त्यांना पुढच्या सीटवर बसवा. व्हरमाँटचं सर्वोच्च शिखर माउंट मॅन्सफील्ड सुमारे ४,४०० फुटांचं आहे, आणि फॉलमध्ये गोंडोला (तारेवरून जाणारा बंद पाळणा) चालू असला तर आजी-आजोबांना एक पाऊलही न चढता बरंच वर नेता येतं. तिकीट स्वस्त नाही आणि गोंडोला साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालतो, त्यामुळे निघण्याआधी तारखा तपासा.

वुडस्टॉकला असा एखादा भव्य रस्ता नाही. शेतं, गोठे, वळणदार कच्चे रस्ते आणि मधूनच एखादा छपराचा पूल, असं तिथलं सुख आहे. क्वीची गॉर्ज जवळ आहे, १६५ फूट खोल. एक विनंती मात्र मनापासून: शेजारच्या पॉम्फ्रेटमधल्या एका खासगी शेताचे फोटो समाजमाध्यमांवर इतके गाजले की गर्दीला कंटाळून २०२३मध्ये तिथला रस्ता फॉलच्या दिवसांत बाहेरच्यांसाठी बंद करावा लागला. लोक तिथे राहतात. फोटोसाठी कुणाच्या दारात गाडी लावू नका.

चालणं, स्ट्रोलर आणि गुडघे

लहान मूल स्ट्रोलरमध्ये असेल तर स्टोसारखं गाव नाही. तिथला रिक्रिएशन पाथ ५.३ मैलांचा, डांबरी आणि बहुतांशी सपाट आहे. तो नदीच्या कडेने, मक्याच्या शेतांजवळून जातो आणि कुठूनही मागे फिरता येतं. बाबा स्ट्रोलर ढकलताहेत, मोठी मुलं सायकलवर पुढे आणि आजी हळूहळू मागे, असं सगळं कुटुंब एकाच वाटेवर राहू शकतं. ही सोय दुर्मीळ आहे.

वुडस्टॉकमध्ये मार्श-बिलिंग्ज-रॉकफेलर राष्ट्रीय उद्यानातले जुने घोडागाडीचे रस्ते आहेत, रुंद आणि हळूहळू चढणारे. त्यावरून पोग नावाच्या तळ्यापर्यंत जावं. वारा नसेल तर काठावरचे मेपल तळ्यात जसेच्या तसे उतरलेले दिसतात. पण ही चढण आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला अर्ध्या वाटेत परतावं लागेल.

नॉर्थ कॉनवेजवळचं डायनाज बाथ्स जेमतेम ०.६ मैल आत आणि जवळजवळ सपाट आहे. खडकांवरून पायऱ्यापायऱ्यांनी येणारं पाणी मुलांना तासभर पुरतं. लिंकनकडची फ्लूम गॉर्ज सुंदर आहे, पण तिथे सुमारे दोन मैलांचा फेरा आणि भरपूर पायऱ्या आहेत, शिवाय वेळ आधी आरक्षित करणं चांगलं. तिथे आजी-आजोबांना “थोडंच आहे” म्हणून नेऊ नका.

पाऊस लागला तर

ऑक्टोबरात एखादा दिवस पावसात जाणार, हे धरूनच चला. नॉर्थ कॉनवेला यावर छान उत्तर आहे: कॉनवे सीनिक रेलरोड. छोटी फेरी तासाभराची, आणि क्रॉफर्ड नॉचकडची मोठी फेरी जवळजवळ अर्धा दिवस घेते. मोठ्या फेरीत गाडी दरीवरच्या उंच लोखंडी पुलावरून जाते, आणि धुक्यातून डोकावणारे लाल-पिवळे डोंगर उन्हातल्यापेक्षाही मला जास्त आवडतात. तिकिटं फार आधी संपतात. दुसरा पर्याय आउटलेटमधल्या खरेदीचा, कारण न्यू हॅम्पशायरमध्ये सेल्स टॅक्स नाही. हॉटेल आणि जेवणावर मात्र ८.५ टक्के कर लागतोच. व्हरमाँटमध्ये तो ९ टक्के आहे.

वुडस्टॉकला १८७१मध्ये सुरू झालेलं बिलिंग्ज फार्म आहे. जर्सी गाई, जुनं शेतघर आणि संग्रहालय. गावात वाढलेल्या आजोबांना इथे बोलतं करायला काही वेगळं करावं लागत नाही. स्टोहून वॉटरबरीचा आइस्क्रीम कारखाना जवळ आहे. तो मुलांसाठी ठीक, पण अर्धा दिवस निघत नाही.

मग कुणी कुठे जावं

मुलं चार ते दहा वयाची असतील आणि आजी-आजोबा गाडीत बसून बघायला खूश असतील, तर नॉर्थ कॉनवे. ट्रेन, कडा, धबधबा, हायवे, सगळं आहे, आणि साध्या मोटेलपासून मोठ्या रिसॉर्टपर्यंत सगळ्या भावांत खोल्या मिळतात. वाहतूक हा त्याचा मोठा दोष. लाँग वीकेंडला रूट १६वर तास-तास जातो.

आई-बाबांना गावातली सकाळ हवी असेल, गर्दीचा आणि धावपळीचा कंटाळा असेल, तर खर्च थोडा जास्त झाला तरी वुडस्टॉक. बॉस्टनहून अडीच तास, न्यू जर्सीकडून पाच तास धरा. तिन्हींपैकी मला एकच निवडायचं झालं आणि ज्येष्ठ बरोबर असले, तर मी वुडस्टॉकला जाईन.

स्टो स्ट्रोलरवाल्यांचं आणि डोंगर चढू शकणाऱ्या किशोरवयीन मुलांचं. पण बॉस्टनहूनही साडेतीन तास आहेत, तेव्हा किमान तीन रात्री असतील तरच.

तारखा ऑक्टोबरच्या मध्याच्या पुढे गेल्या असतील तर ही तिन्ही गावं सोडून मेनमधल्या बार हार्बरचा विचार करा. समुद्राजवळ रंग उशिरा चढतो. कॅडिलॅक माउंटनच्या माथ्यावर गाडी जाते, पण त्यासाठी वेगळं आरक्षण लागतं. किंवा मॅसॅच्युसेट्समधलं लेनॉक्स, न्यूयॉर्क-न्यू जर्सीवाल्यांना सगळ्यात जवळचं.

कुठेही गेलात तरी शक्यतो स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. या गावांत रात्री साडेआठ-नऊनंतर जेवण मिळणं कठीण, शाकाहाऱ्यांना तर त्याआधीही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा शेवटचा थांबा पाचच्या आत ठेवा. गावात जागा उरली नसेल तर वुडस्टॉकऐवजी क्वीची, स्टोऐवजी वॉटरबरी आणि नॉर्थ कॉनवेऐवजी कँकामॅगसच्या दुसऱ्या टोकाचं लिंकन बघा. लिंकनला राहिलात तर हायवेवर सकाळी ऊन डोळ्यांवर येईल, तेव्हा तो दुपारनंतर सुरू करा.