श्रावण, शरद की संक्रांत : चेटकिणींच्या खटल्यांवरचं कोणतं क्रॉस स्टिच हाती घ्यावं?

टोपी, झाडू आणि काळं मांजर वगळून चेटकिणींच्या खटल्यांवर काही भरायचं असेल, तर तीन नमुने समोर ठेवण्यासारखे आहेत. एक देवनागरी अक्षरांचा, ऐन श्रावणात पुरा होणारा. दुसरा सालेमच्या पानांचा, शरदातला. तिसरा काळ्या कापडावरचा, इंग्लंडमधल्या पेंडलचा डोंगर, संक्रांतीच्या सुमाराचा. पहिल्यांदाच सुई धरत असाल तर पानं घ्या. इरकलीवर कसुती भरायची सवय असेल तर सरळ अक्षरांकडे वळा. काळ्या कापडाच्या वाटेला पहिल्याच वर्षी जाऊ नये.

पानं

अमेरिकेतल्या सालेमला १६९२ साली १९ जणांना फाशी दिली : १० जूनला एक, १९ जुलैला पाच, १९ ऑगस्टला पाच आणि २२ सप्टेंबरला आठ. जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने आरोपाला उत्तर द्यायचं नाकारलं, म्हणून १९ सप्टेंबरला अंगावर दगड रचून त्याचा जीव घेतला. नमुना याच हिशेबावर बेतायचा. एका फांदीला ओकची १९ पानं आणि खाली एक करडा दगड. जूनचं एकच पान हिरवं, जुलैची पाच शेवाळी, ऑगस्टची पाच हळदी, सप्टेंबरची आठ विटकरी. तयार नमुन्यांत बऱ्याचदा ज्वाळा असतात. सालेममध्ये कुणालाही जाळलं नव्हतं, त्यामुळे तसला नमुना बाजूलाच ठेवा. ओकऐवजी आपलं पिंपळपान घ्यायचा मोह होईल, तोही आवरा. पिंपळ म्हटला की मुंजा आठवतो आणि फासावर गेलेली जिवंत माणसं भुताखेतांच्या गोष्टीत जाऊन बसतात. शिवाय पिंपळाचं लांब टोक पूर्ण फुलीत येत नाही, अर्धे-पाव टाके घालावे लागतात.

हा नमुना मॅटीवर, म्हणजे चौकोनी घरं दिसतील अशा विणीच्या सुती कापडावर, चालतो. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात मॅटी मागताना घाई करू नका. आधी उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी १० सेंटिमीटरमधली घरं मोजा. स्वस्त मॅटीत एका दिशेला ४३ आणि दुसरीला ३९ असं निघतं. मग चौकोन लांबट होतो आणि पान ओढल्यासारखं दिसतं. दोन-तीन घरांचा फरक पानांत खपतो, अक्षरांत मुळीच नाही. मॅटी आटते, म्हणून भरण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून घ्या.

नमुना १२० × १५० टाक्यांचा. इंचाला ११ घरं धरली तर सुमारे ११ × १३.५ इंच होतो. चारी बाजूंनी ३ इंच सोडायचे, म्हणून कापड १७ × २० इंच. २२ नंबरची बोथट सुई, सहा पदरी दोऱ्यातले तीन पदर. एका पानाला साधारण ८५ टाके. ८ मीटरच्या लडीतून तीन पदरांनी अकराशेच्या आसपास टाके निघतात, म्हणजे आठ विटकरी पानंही एका लडीत बसतात. पानांचे चार रंग, फांदीचा तपकिरी आणि दगडाचा करडा, अशा सहा लड्या पुरतात. पानाच्या शिरा एका पदराने गवंती टाक्यात घाला : जाताना एक सोडून एक, येताना मधली घरं भरत. मागची बाजूही स्वच्छ राहते. एखादं पान एका घराने सरकलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. नवख्यांना पानं सुचवायचं खरं कारण हेच.

अक्षरं

तिन्हींत हा सर्वांत लहान आणि सर्वांत कठीण. आपल्याकडे, नंदुरबारकडच्या सातपुड्यात, डाकीण ठरवून बायकांना छळण्याच्या घटना जुन्या काळातल्या नाहीत. त्या सोसलेली माणसं आणि त्यांची घरं आज आहेत. त्यामुळे सालेमची नावं किंवा प्रसंग भरले तर चालतं, इथल्या कुणाचं नाव किंवा बाईची आकृती भिंतीवर टांगणं बरं दिसत नाही. इथे फक्त शब्द भरावेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद आहे. नमुना २० ऑगस्टला भिंतीवर लागावा म्हणून मृगात सुरू करायचा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि घामाच्या हाताने पांढरं कापड पिवळं पडतं, तेव्हा त्याआधी नकोच.

ओळ अशी धरू : «संशय हा / पुरावा नव्हे». सालेमच्या न्यायालयाने नेमकं उलट केलं होतं. आरोपीची छाया येऊन छळते, एवढं सांगणंसुद्धा तिथे पुरावा ठरलं.

कापड १४ काउंटचं, म्हणजे इंचाला १४ घरांचं आयडा, पांढरं. आयडा म्हणजे क्रॉस स्टिचसाठीच विणलेलं, एकसारख्या चौकोनी घरांचं कापड. मॅटी नको. शिरोरेषेला २ घरं, अक्षराच्या अंगाला १०, वरच्या मात्रेला ५, उकाराला ४. दोन ओळींमध्ये ४ घरं सोडली तर उंची ४२ आणि रुंदी सुमारे ६० टाके. दुहेरी किनारीसकट ९६ × ८० धरा, म्हणजे ६.९ × ५.७ इंच. कापड १३ × १२ इंच घ्या. सुई २४ नंबरची, दोरा दोन पदरी. एकूण टाके तेराशेच्या आसपास. लाल दोऱ्याची एक लडी पुरते, तरी दोन घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते पाहा. वेगळ्या लॉटचा लाल शिरोरेषेत लगेच उठून दिसतो.

आधी शिरोरेषा भरा, प्रत्येक शब्दाची वेगळी. मग तिच्यापासून दंड खाली सोडा आणि शेवटी वळणं घाला. वळणांपासून सुरुवात केली की शेवटच्या अक्षराला पोहोचेपर्यंत एखादं घर इकडेतिकडे होतं आणि शिरोरेषा जुळत नाही. अनुस्वार २ × २ चा, शिरोरेषेपासून एक घर सोडून. चिकटवला तर तो मोडकी मात्रा वाटतो. ‘व्हे’मध्ये अर्ध्या व चा पोटगोल थेट ह च्या मानेला भिडवा, मध्ये घर सोडलं की दोन अक्षरं वेगळी वाचली जातात. ओळ बदलणार असाल तर ध आणि भ सांभाळा. त्यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. सरळ ओढली की ‘भय’चं ‘मय’ होतं आणि ध चा घ.

मागून दोरा एका अक्षरातून दुसऱ्यात ओढून नेऊ नका, पांढऱ्या कापडातून लाल रेघ दिसते. तीन घरांपलीकडे जायचं असेल तर दोरा कापून नवा घ्या. धुताना लाल रंग सुटला तर कापड वाळू देऊ नका. रंग निघायचा थांबेपर्यंत गार पाणी बदलत राहा. एकदा वाळला की तो डाग जात नाही.

डोंगर

इंग्लंडमधल्या पेंडलचा खटला लँकेस्टरच्या किल्ल्यात चालला. २० ऑगस्ट १६१२ रोजी दहा जणांना फाशी झाली. नऊ वर्षांच्या जेनेट डिव्हाइसने स्वतःच्या आई-भावंडांविरुद्ध साक्ष दिली होती. नमुन्यात डोंगर तीन करड्या छटांत आणि वर दहा पांढरे तारे, एवढंच. तरीही टाके सत्तावीसशेच्या पुढे जातात, म्हणजे अक्षरांच्या दुप्पट. बहुतेक वेळ सपाट भरावात जातो, जो कंटाळवाणा आहे.

काळ्या आयडाची घरं दिसत नाहीत. मांडीवर पांढरा पंचा पसरा, की प्रकाश खालून वर येतो. दर १० घरांवर पिवळ्या शिवणदोऱ्याने कच्चा टाका घालून चौकटी आखून घ्या. ताऱ्यांना पांढऱ्याचे दोनऐवजी तीन पदर, नाहीतर काळं कापड मधून डोकावतं. कापडाचा कोपरा ओल्या कापसाने घासून पाहा. कापूस काळा झाला तर ते कापड परत करा, कारण धुताना तारे राखाडी होतील. भरण्याची जागा खिडकीपाशी आणि वेळ दिवसाची. पौषातलं दुपारचं ऊन याला उत्तम.

काळं एरवी घरात नको म्हणणारेही संक्रांतीला चालवून घेतात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पाहुणे येतात तेव्हा हा भिंतीवर लावायला हरकत नाही, पण वाण म्हणून कुणाला देऊ नका. घरातल्या मोठ्यांचा काळ्याला अगदीच विरोध असेल तर गडद निळं आयडा घ्या. फक्त करड्यातली सर्वांत गडद छटा तिथे बुडते, ती एक पायरी फिकी करावी लागेल.