लग्नाआधीची तपासणी : एचपीएलसी पुरे, की मोठं डीएनए पॅनेल?

थॅलेसेमिया मायनर म्हणजे काय (या आनुवंशिक रक्तविकाराचं सदोष जनुक अंगात असणं, पण स्वतःला आजार नसणं), आणि दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारं, होण्याची शक्यता २५ टक्के का, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न त्यापुढचा आहे. एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी, करून थांबायचं, की शेकडो आनुवंशिक आजार एका दमात तपासणारं डीएनए पॅनेलही करून घ्यायचं? आम्ही लग्नाआधी दोन्ही केलं. मी डॉक्टर नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

बायको ठाणे पूर्वेच्या कोपरीतली, सिंधी. मी नौपाड्यातला, मूळ कोकणातला. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत मायनरचं प्रमाण जास्त, हे तिच्या घरात सगळ्यांना पाठ होतं; त्यांच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला जायचा. आमच्या घरी मात्र ‘आपल्यात नसतं हो असलं काही’ म्हणून विषय मिटला होता. असतं. देशात ३ ते ४ टक्के लोक मायनर आहेत, आणि ते सगळे एकाच समाजातले नाहीत.

एचपीएलसी आम्ही सरकारी रुग्णालयात केली. केस पेपर एका खिडकीवर, रक्त दुसऱ्या मजल्यावर, आणि ‘मंगळवारी या’ म्हटलं की मंगळवारी मशीनचं केमिकल संपलेलं. रिपोर्टवर माझं आडनाव अर्धंच छापून आलं. हे सगळं टाळायचं तर बाहेरच्या लॅबमध्ये हजाराच्या आतबाहेर काम होतं. हाती येतो एक कागद आणि त्यावरचा एक आकडा, एचबीए२, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचं प्रमाण. तो ३.५ टक्क्यांच्या वर गेला की मायनरचा संशय. सिकल सेल, हिमोग्लोबिन डी आणि ई हे हिमोग्लोबिनचे इतर आनुवंशिक दोषही त्याच आलेखात दिसतात. शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या मंडळींना सिकलचा भाग जास्त महत्त्वाचा; २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकल सेल मोहिमेत आदिवासी भागांतल्या ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे, ती अशाच साध्या चाचण्यांच्या जोरावर.

एक खाचखळगा सांगतो. अंगात लोह फार कमी असेल तर एचबीए२ खोटाच खाली येतो आणि मायनर माणूस नॉर्मल दिसू शकतो. आपल्याकडच्या मुलींमध्ये लोह कमी असणं ही काही बातमी नाही. म्हणून सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, हवीच. लाल पेशी बारीक, पण त्यांची संख्या भरपूर, असं दिसलं तर नॉर्मल आकड्यावर विसंबू नये. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर एचपीएलसी काही महिने पुढे ढकलायची.

बायको मायनर निघाली, मी नाही. समुपदेशक ताईंनी दोघांना समोर बसवलं, कागदावर चार गोल काढले, घराण्यात नात्यातली लग्नं किती, लहानपणी गेलेलं मूल आहे का, हे विचारलं आणि एकच मायनर असल्याने मूल मेजर होणार नाही, असं सांगून विषय संपवला. सासूबाईंनी दोनदा तेच विचारलं, तर दोनदा तेच शांतपणे सांगितलं.

पॅनेल हा ऐरोलीत आयटीत असलेल्या मेहुण्याचा हट्ट. ‘एवढा लग्नाचा खर्च करताय, त्यात हे काय!’ मी पाहिलेली पॅनेलं दहा हजारांच्या पुढची होती. माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला, रिपोर्ट मोबाइलवर आला, नाव अचूक. मेहुण्याची बाजूही खरी आहे. एसएमए, म्हणजे ज्याच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी लोक वर्गण्या काढतात तो स्नायू दुबळे करणारा आजार, एचपीएलसीत जन्मात दिसणार नाही. पॅनेलमध्ये दिसू शकतो.

पण माझ्या रिपोर्टात एक ओळ होती. यकृताशी संबंधित एका जनुकात बदल सापडला आहे, ‘अर्थ अनिश्चित’. झालं. बायकोचं मायनर असणं बाजूला राहिलं आणि घरात माझ्या यकृताची चर्चा सुरू झाली. सासूबाईंचा सवाल सरळ होता, ‘म्हणजे आहे की नाही?’ लॅबच्या काउन्सेलरची वेळ फोनवर मिळाली, बोलणं इंग्रजीत, आणि उत्तर प्रामाणिक: आत्ता सांगता येत नाही, काही वर्षांनी पुन्हा विचारा. फॅमिली डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, ‘हे करायला कोणी सांगितलं होतं?’ मेहुणा तेवढा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

चिडचिड झाली ती पैशांची नव्हे. कागद म्हणतो काहीतरी आहे, आणि पुढे काय करायचं ते सांगणारं कोणी नाही. काही लॅब असे बदल लग्नाच्या पॅनेलमध्ये कळवतच नाहीत. आमच्या लॅबने कळवला. यात लॅबचा दोष किती, माहितीचा किती, हाही प्रश्नच आहे. एखादा बदल निरुपद्रवी आहे की घातक, हे ठरवायला तो निरोगी लोकांत किती वेळा आढळतो ते पाहतात, आणि जगातला अशा माहितीचा साठा अजून बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. आपल्याकडे जीनोमइंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचून झाले, ही चांगली सुरुवात. पण आपल्या जातीपोटजातींचा पसारा पाहता पुष्कळ बदलांवर ‘अनिश्चित’चा शिक्का अजून काही वर्षं बसत राहील असं मला वाटतं.

कमी पैशांत थॅलेसेमियाला आळा घातलेल्या देशांकडे पाहिलं तर त्यांची सुरुवात डीएनएपासून झालेली दिसत नाही. इराणने १९९७ पासून लग्नाआधीची तपासणी सक्तीची केली. तिथे आधी नवऱ्या मुलाची साधी सीबीसी होते, त्याच्या पेशी बारीक निघाल्या तरच मुलीची, दोघांच्याही बारीक असल्या तरच एचबीए२. आपल्याकडे उलटं. बहुधा गरोदर बाईचं रक्त आधी जातं आणि मग नवऱ्याला निरोप धाडायचा. त्याला सुट्टी मिळेपर्यंत आठवडे सरतात. दोघंही मायनर असतील तर गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास व्हायला हवी, म्हणून तो उशीर महाग पडतो. खरी डीएनए चाचणी लागते ती इथे, दोघांतला नेमका बदल शोधायला. ठाणेकरांना ती लोकलच्या अंतरावर आहे: परळला, केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवरची राष्ट्रीय संस्था आहे.

तेव्हा माझा कल कळलाच असेल. सीबीसी आणि एचपीएलसी दोघांनीही करा, जमल्यास समुपदेशक असलेल्या ठिकाणी, रांग सोसून. मामेबहिणीशी किंवा इतर नात्यात लग्न असेल, घराण्यात कारण न कळता मुलं गेली असतील, कुणाला एसएमएसारखा आजार असेल, तर पॅनेलला मी नाही म्हणणार नाही. तेव्हा ते करावंच. नुसत्या हौसेखातर असेल तर माझ्या मते ते पैसे राहू द्यावेत.

आणि करायचंच ठरलं तर रक्त देण्याआधी लॅबला दोन गोष्टी विचारून घ्या. अनिश्चित अर्थाचे बदल रिपोर्टात छापता का? आणि घरात सिंधी किंवा लोहाणा कोणी असेल तर दुसरी: बीटा ग्लोबिन जनुकातला (ज्याच्या बिघाडाने हा थॅलेसेमिया होतो) डीएनएच्या ६१९ अक्षरांचा गळलेला तुकडा तुमच्या पॅनेलला सापडतो का? या समाजांत तो बऱ्यापैकी आढळतो आणि नुसत्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्यात, निसटू शकतो. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी लॅब बघा.