लाल कॅलिपरच्या मागे माझेच जुने ब्रेक

अचलपूर तालुक्यातल्या आमच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जोरदार इंजिनाच्या गाड्या बऱ्याच आल्या आहेत. संत्र्याचा हंगाम बरा गेला की ट्रॅक्टरच्या शेजारी एखादी टर्बो सेडान उभी राहते, आणि ती आली की तिला ‘ब्रेक किट’ बसवून देतो म्हणणाऱ्यांचे फोनही सुरू होतात. शहरातील अशाच एका गॅरेजने माझ्याकडून 85,000 रुपये घेतले आणि माझेच जुने ब्रेक, वर रंगीत झाकण चढवून व डिस्कला भोके पाडून, मला परत दिले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे गॅरेजचे नाव येथे लिहीत नाही. फसवणूक कशी केली गेली आणि ती कशी ओळखता येते, हे मात्र तपशिलाने लिहितो, कारण अगदी याच पद्धतीने ‘सुधारलेली’ दुसरी एक गाडी नंतर चांदूर बाजारला माझ्या पाहण्यात आली आणि तिच्या मालकाला त्याचा पत्ताही नव्हता.

माझी गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे. 2022 साली भारतात आलेल्या या गाडीचे दीड लिटरचे टर्बो इंजिन 150 पीएस शक्ती आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क देते. माझ्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. रोजच्या ये-जा करण्याला ते पुरेसे आहेत. कस लागतो तो दोन ठिकाणी. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे, आणि त्या वेगाला गाडीतील गतिज ऊर्जा ताशी 60 च्या दुप्पट नव्हे, चौपट असते. दुसरे ठिकाण म्हणजे चिखलदऱ्याचा घाट. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे आणि परतवाडा त्याच्या जवळजवळ 700 मीटर खाली. माणसांनी भरलेली दीड टनाची गाडी एवढे अंतर उतरते तेव्हा, इंजिनाने आणि वाऱ्याने घेतलेला वाटा सोडला तर, ताशी 100 किलोमीटरवरून सतरा-अठरा वेळा पूर्ण थांबताना निर्माण होईल एवढी उष्णता ब्रेकना पचवावी लागते. त्यात आमच्या रस्त्यांवर रात्री मागचा दिवा नसलेली कापसाची ट्रॉली आणि अचानक आडवा येणारा रोही (नीलगाय) आहेच. चांगल्या ब्रेकची इच्छा धरणे ही इकडे चैन नाही.

गॅरेजमालकाने फोनवर जे सांगितले ते ऐकायला जाणकाराचे वाटत होते. पुढच्या चाकांना चार पिस्टनचे ॲल्युमिनियमचे कॅलिपर (पिस्टनच्या जोराने पॅड डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग), भोकांच्या मोठ्या डिस्क, जास्त उष्णता सोसणारे पॅड, रबरी नळ्यांच्या जागी स्टीलच्या जाळीच्या नळ्या आणि ‘रेसिंगचे’ ब्रेक ऑइल, असा सगळा संच तो देणार होता. “भाऊ, गाडी निम्म्या अंतरात उभी राहते. सकाळी सोडा, संध्याकाळी घेऊन जा,” हे त्याचे शब्द. एवढी कमी किंमत कशी, असे विचारल्यावर त्याने ब्रेक बनवणाऱ्या ब्रेम्बो कंपनीचा पुण्याजवळ कारखाना असल्याचे आणि माल तिथूनच येत असल्यामुळे आयात शुल्क लागत नसल्याचे सांगितले. यातला पहिला भाग खरा आहे. इटलीच्या ब्रेम्बोचा चाकणला कारखाना आहे. पण तो मुख्यतः दुचाकींच्या ब्रेकचा आहे, आणि मोटारीला बसवायचे चार पिस्टनचे संच तेथून मागच्या दाराने स्वस्तात निघतात ही निव्वळ थाप आहे. खऱ्या गोष्टीला खोटी जोडून देण्याची ही युक्ती फार परिणामकारक ठरते, कारण ऐकणारा मोबाईलवर शोधतो, कारखाना खरोखरच सापडतो आणि पुढचेही खरेच असेल असे मन धरून चालते.

संध्याकाळी गाडी ताब्यात मिळाली तेव्हा चाकाच्या आऱ्यांमधून लालभडक कॅलिपर आणि त्यावरची पांढरी अक्षरे दिसत होती, डिस्कवर भोकांच्या रांगा चमकत होत्या. काढलेले जुने भाग मागितले, तर ते भंगारात गेले आणि त्यांचे पैसे हिशेबात वळते केले, असे उत्तर आले. बिल म्हणून हाती दिलेल्या एस्टिमेटच्या कागदावर ‘फ्रंट ब्रेक किट फिटिंगसह’ एवढीच ओळ होती. पक्के बिल मागितल्यावर मालकाने वर 28 टक्के जीएसटी लागेल असे सांगून ते नंतर पाठवण्याचे कबूल केले, आणि ते कधीच आले नाही. (सुट्या भागांवरचा हा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवर आला आहे, बिल टाळणाऱ्यांची सबब त्यामुळे बदललेली नाही.) अर्धी रक्कम मी यूपीआयने दिली होती. ती गॅरेजच्या नव्हे, तर कुणा तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यावर गेल्याचे पावतीवर दिसते.

त्यानंतर काही दिवसांनी कुटुंबासह चिखलदऱ्याहून धामणगाव गढीमार्गे उतरत होतो. घाटाच्या मध्यावर जळक्या रबरासारखा वास आला, मग ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरू लागले, आणि गाडी डावीकडे ओढ घेऊ लागली. पुढच्या वळणाला पेडल जवळजवळ तळापर्यंत गेले. गिअर हाताने दुसऱ्यावर आणून इंजिनाच्या जोरावर गाडी आवरली आणि रस्ता रुंद होता तिथे कडेला घेतली. डाव्या चाकातून धूर निघत होता. ब्रेक थंड झाल्यावर त्याच गिअरमध्ये, पायी चालल्याच्या वेगाने परतवाड्याला पोहोचलो.

परतवाड्याच्या ज्या मिस्त्रींकडे गाडी नेली ते आयुष्यभर जीप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करत आलेले आहेत. चाक उतरवल्यावर त्यांनी लाल कॅलिपरला अंगठा लावला, तर तो हलला. पेचकसाने कड उचलताच अख्खा ‘कॅलिपर’ त्यांच्या हातात आला. ते पातळ ॲल्युमिनियमचे पोकळ झाकण होते, आतून सिलिकॉनने चिकटवलेले. उष्णतेने सिलिकॉन सुटले होते आणि झाकण रिमच्या आतल्या बाजूला घासत होते. त्याच्या मागे कंपनीचा मूळचाच, एका पिस्टनचा, पिनांवर सरकणारा ओतीव लोखंडाचा कॅलिपर जागच्या जागी होता. मिस्त्रींनी डिस्कचा मधला भाग पुसून त्यावर उमटवलेला मूळ कंपनीचा क्रमांक आणि किमान जाडीचा आकडा मला दाखवला. “भाऊ, हे तं तुमचंच हाये. भोकं तेवढी नवीन हायेत,” ते म्हणाले. पॅड जुनेच निघाले. स्टीलच्या जाळीची नळी म्हणून जे दिसत होते ते चिरलेले जाळीदार वेष्टन होते, रबरी नळीवर गुंडाळून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेले. खरी जाळीची नळी आतून टेफ्लॉनची असते आणि तिच्या टोकांना धातूची जोडणी यंत्राने दाबून बसवलेली असते. डबीतले ऑइल काळपट तपकिरी होते. प्रत्येक वस्तू सोडवताना मोबाईलवर चित्रण करून ठेवा, हे मला त्या मिस्त्रींनीच सुचवले. आज माझ्या तक्रारीत त्या चित्रणाएवढा उपयोगी पुरावा दुसरा नाही.

झाकणे चिकटवणे ही निव्वळ लबाडी म्हणता येईल. डिस्कला भोके पाडणे हा त्याहून गंभीर प्रकार आहे. पुढची डिस्क एकसंध चकती नसते. ओतीव लोखंडाच्या दोन चकत्या आणि त्यांना जोडणाऱ्या आतल्या पात्या अशी तिची रचना असते, आणि त्या पात्यांमधून वारा खेळून ती थंड होते. कारखान्यात भोकांची डिस्क बनवताना भोकांच्या जागा पात्या चुकवून ठरवतात व प्रत्येक भोकाची कड तासून घेतात. माझ्या डिस्कवर कुठल्याशा ड्रिल यंत्राने सरसकट भोके मारली होती, त्यात काही पात्या अर्ध्या कापल्या गेल्या होत्या आणि कडा धारदारच राहिल्या होत्या. ओतीव लोखंड तापून पुन्हा थंड होते तेव्हा ताण अशा कडांपाशी साठतो आणि तडे तेथूनच सुरू होतात. डाव्या डिस्कवर दोन भोकांना जोडणारी चीर नख अडकेल इतकी स्पष्ट होती. पेडल खाली जाण्याचे कारण वेगळे होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट 4 प्रतीचे नवे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर त्याच प्रतीची किमान मर्यादा 155 अंशांवर येते. कॅलिपरमध्ये ऑइल उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. बदलले असे सांगून न बदललेल्या ऑइलनेच घाटात सर्वांत मोठा धोका निर्माण केला, आणि गंमत अशी की संपूर्ण संचात सर्वांत स्वस्त वस्तू तीच होती.

‘निम्म्या अंतरात थांबते’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्याच्याकडे ब्रेकचे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या कुठल्याही धडधाकट गाडीचे मूळ ब्रेक एकदा जोरात दाबले तर चाक जाम करण्याइतकी ताकद त्यांच्यात असतेच. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबेल हे टायर रस्त्याला किती धरतो यावर ठरते. मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर यांचा खरा लाभ पुन्हा पुन्हा ब्रेक दाबावे लागतात तेव्हा दिसतो, कारण जास्त धातू जास्त उष्णता सामावून घेतो आणि पेडलचा स्पर्श शेवटपर्यंत सारखा राहतो. जाणता माणूस विकताना हेच सांगेल, आणि सांगण्याआधी काही गोष्टी विचारील. रिम किती इंचांची आहे, हा त्याचा पहिला प्रश्न असेल. माझ्या गाडीला 16 इंची रिम आहेत आणि त्यांच्या आत मोठा कॅलिपर मावेल की नाही हे आधी मोजल्याशिवाय सांगता येत नाही. चांगले उत्पादक त्यासाठी कागदी साचा देतात, तो रिममध्ये धरून पाहता येतो. पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ मूळच्या मास्टर सिलिंडरशी, म्हणजे पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या भागाशी, जुळते का आणि मागच्या ब्रेकशी तोल राहतो का, हेही त्याने पाहायला हवे. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसवण्यासाठी सुरुवातीला वाढत्या क्रमाने ठरावीक पद्धतीने ब्रेक मारावे लागतात, त्याची सूचना तो दिल्याशिवाय राहणार नाही. मला यातले काहीही विचारले वा सांगितले गेले नव्हते.

बसवून झालेला संच तपासायला गॅरेजवाल्याच्या मर्जीची गरज पडत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की पुढच्या चाकामागे टॉर्चने पाहता येते. चार पिस्टनचा स्थिर कॅलिपर डिस्कच्या दोन्ही बाजूंना सारखाच जाड असतो आणि त्याला सरकत्या पिना नसतात. झाकण फक्त बाहेरची बाजू लपवते, आतल्या बाजूला गंजका लोखंडी कॅलिपर उघडाच राहतो. साधे लोहचुंबक लावले तर ॲल्युमिनियमला ते चिकटत नाही, ओतीव लोखंडाला चिकटते. पॅड बसवण्यापूर्वी त्यांची पाठ पाहावी: युरोपीय नियमानुसार मंजूर झालेल्या पॅडवर वर्तुळातले ‘ई’ अक्षर आणि ‘90आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. ब्रेम्बो आपल्या मोटारींच्या अपग्रेड संचांबरोबर खरवडून पाहायच्या सांकेतिक क्रमांकाचे कार्ड देते व तो क्रमांक कंपनीकडे पडताळता येतो. म्हणजे नकली मालाचा त्रास खुद्द कंपनीलाही पुरेसा झालेला आहे. आणि काढलेले जुने भाग त्याच दिवशी गाडीच्या डिक्कीत टाकून आणावेत, भंगाराचे चार पैसे सोडावे लागले तरी. माझ्या बाबतीत जुने भाग मिळणे शक्यच नव्हते, कारण ते गाडीलाच लावलेले होते.

जाब विचारल्यावर मालकाने आधी ‘माल तुम्हीच बदलला असेल’ असे म्हटले, आणि चित्रण दाखवल्यावर पवित्रा बदलला. गाडीत फेरफार करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार बेकायदेशीर आहे, तक्रार कराल तर आधी तुमचीच गाडी जप्त होईल, अशी भीती त्याने घातली. खेड्यातला माणूस कायद्याचे कलम ऐकून गप्प बसतो हा त्याचा अनुभव असावा. ते कलम नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांविषयी आहे. कॅलिपर कुठला आहे हे त्या प्रमाणपत्रात लिहिलेले नसते, आणि तसे असते तरी पैसे घेऊन माल न देण्याला त्यामुळे संरक्षण मिळाले नसते.

मी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि नंतर अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. पक्के बिल नसताना एस्टिमेटचा कागद, यूपीआयची पावती, फोनवरचे संदेश आणि मिस्त्रींचे लेखी निवेदन एवढ्यावर तक्रार दाखल करून घेतली गेली. भोके पाडलेल्या दोन्ही डिस्क, झाकणे आणि जाळीची वेष्टने गोणीत बांधून, वर तारीख घालून घरी ठेवली आहेत, कारण आयोगाला वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आहे. मध्यंतरी गॅरेजने पूर्ण रक्कम परत देण्याची तयारी दाखवली, पण तक्रार मागे घ्यावी आणि चित्रण पुसून टाकावे, अशा अटींवर. त्या मी मान्य केलेल्या नाहीत. गाडीला सध्या मूळ मापाच्या नव्या डिस्क, नवे पॅड आणि ताजे डॉट 4 ऑइल आहे. मजुरीसह तो सगळा खर्च त्या ‘किट’च्या चौथाईतही गेला नाही, आणि त्याच ब्रेकवर घाट पुन्हा उतरून पाहिला आहे.